जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलमधल्या हंप्ता पासला ग्रुप नेताना तयारी कशी करून घ्यावी?

तुम्ही विचारताना सांगितलंत की तुम्ही दहा जण, सॅका स्वतःच्याच पाठीवर, सह्याद्री भरपूर झालाय पण बर्फावर कुणीच चाललेलं नाही. आमचाही ग्रुप अगदी असाच होता, म्हणून लिहितोय.

दम कमी पडेल ही भीती सोडा. आतकरवाडीतून सिंहगड पाठीवर बारा किलो घेऊन आठवड्यातून दोनदा चढा, झालंच तर एकदा कात्रज ते सिंहगड करा. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर पोचल्यावर ओतून द्या, उतरताना गुडघे वाचतात.

आमचं घोडं अडलं ते भलतीकडेच. खिंडीखालच्या बालू का घेरा या मुक्कामावरून पहाटे निघालो आणि बर्फ लागल्यावर सगळे मायक्रोस्पाईक्स (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांवर ताणून बसवायचे रबराचे, खाली लोखंडी काटे असलेले पट्टे) चढवायला बसले. पाकिटं तिथे पहिल्यांदा फुटली! हातमोजे घालून रबर ताणता येईना, हातमोजे काढले तर बोटं बधिर. एकाने ते उलटेच चढवले. यात पाऊण तास गेला. पहाटेचा टणक बर्फ उन्हाने भुसभुशीत होतो. खिंडीपलीकडे शिया गोरू या मुक्कामाकडच्या तीव्र उतारावर आम्ही मांडीपर्यंत रुतत होतो. तेव्हा घरी, हातमोजे घालून, प्रत्येकाकडून दहा वेळा हे करून घ्या. हसतील, हसू द्या.

नाल्यांचंही तेच. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून ओलांडायचं ते सकाळीच. बूट भिजणारच, पण एक लोकरी मोज्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, ती फक्त झोपताना घालायची. बर्फावरून परतणारं ऊन खालून लागतं: नाकपुड्यांच्या आतली आणि हनुवटीखालची कातडी सोलते. क्रीम तिथेही लावा. गॉगल प्रत्येकाकडे हवाच, बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे पोळतात आणि काही काळ दिसेनासं होतं.

मनाली सुमारे २,०५० मीटर, खिंड सुमारे ४,२७०. मनालीत एक दिवस जास्त काढा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, ग्रुपमधल्या 'अनुभवी' दादाला नको. डोकं दुखत असेल तर लपवायचं नाही, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आपल्याकडे पोरं पैसे भरलेत म्हणून गप्प बसतात. डोकं दुखतंय आणि उलट्याही होताहेत, तर त्याला वर न्यायचं नाही, सोबत एक जण देऊन खाली पाठवायचं. तो एक जण कोण, हे पुण्यातच ठरवा.

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, मनालीत घ्या. गाईड स्थानिकच घ्या. बर्फावर घसरलं तर स्वतःला कसं थांबवायचं, ते त्याच्याकडून पहिल्याच सोप्या उतारावर शिकून घ्या.

आणि ट्रेक संपतो त्या छत्रूला उतरल्यावर पुढे चंद्रताल तलावाचा रस्ता त्या दिवसांत उघडलेला असेलच असं नाही. परतीची तिकिटं दोन दिवस पुढची काढा.