युद्धनौका ‘कमिशन’ झाली म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न असा की ‘सूरत’ ही विनाशिका माझगाव डॉकमध्ये मे २०२२ मध्येच लाँच झाली होती, मग १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत ती ‘कमिशन’ झाली म्हणजे काय? आणि दलाल घेतो त्या कमिशनशी याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, लांबचा. मुळातला अर्थ एकच, काम सोपवणं. सोपवलेल्या कामाचा मोबदला म्हणून घेतात ती दलाली, आणि सोपवताना हातात देतात तो अधिकार म्हणजे लष्करी कमिशन. आपल्या जुन्या भाषेत सनद. अधिकाऱ्याला ती राष्ट्रपतींकडून मिळते, म्हणून तो कमिशन्ड ऑफिसर. खलाशी मात्र भरती होतो.

आता जहाजाचं. लाँच म्हणजे जलावतरण, सांगाडा पाण्यात तरंगायला लागला एवढंच. आतलं बरंचसं काम तेव्हा व्हायचंच असतं. मग धक्क्याला बांधून पुढची कामं, मग समुद्रातल्या चाचण्या. तोवर नावाआधी ‘आयएनएस’, म्हणजे ‘इंडियन नेव्हल शिप’, लागत नाही. गोदीच्या कागदांवर सूरत होती ‘यार्ड १२७०७’. कमिशनिंगच्या दिवशी कप्तान वॉरंट, म्हणजे नौका दाखल करण्याचा आदेश, वाचून दाखवतो, नौदलाचा ध्वज चढतो आणि डोलकाठीवर एक अरुंद, लांबलचक पताका फडकते. लोकांचं तिच्याकडे लक्षच जात नाही, पण खरी खूण तीच. बंदरात ध्वज सूर्यास्ताला उतरवतात, ती पताका मात्र रात्रीही वरच असते. कायमची खाली येते ती नौका निवृत्त होताना. ‘विराट’ या विमानवाहू नौकेची मुंबईतल्या आपल्याच नेव्हल डॉकयार्डात ६ मार्च २०१७ ला उतरली.

मुंबईकरांचा आणखी एक घोळ होतो. मालाडला मार्वेजवळची आयएनएस हमला बघायला गेलात तर बोट दिसणार नाही, कारण तो जमिनीवरचा तळ आहे. फोर्टातली आयएनएस आंग्रे तशीच. नौदल तळांनाही जहाजासारखंच कमिशन करतं. कुलाब्याच्या अश्विनी हॉस्पिटलच्या ‘आयएनएचएस’मधला शेवटचा एस तर चक्क ‘शिप’चा, म्हणजे तिथला पेशंट कागदोपत्री जहाजावरच!

वापरताना लाँचला ‘जलावतरण’ आणि कमिशनला ‘नौदलात दाखल’ म्हणा. ‘कार्यान्वित’ पंपिंग स्टेशनला शोभतं, आणि ‘लोकार्पण’ तर बागेचं करतात, विनाशिकेचं कसलं! डीकमिशनला, म्हणजे निवृत्तीला, ‘मोडीत काढणं’ मात्र म्हणू नका. पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर बरीच वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडायला घेतली ती थेट २०१४ मध्ये.