युग, कालखंड आणि 'तुमचे वळण'

एका वाचकाचा प्रश्न आहे. 'सिव्हिलायझेशन'सारख्या इतिहासावरच्या डावपेचांच्या खेळांविषयी मराठीत लिहिताना 'इरा'ला युग म्हणावं की कालखंड? 'टर्न'ला काय म्हणावं? आणि सुरुवातीच्या एका टर्नमध्ये चाळीस वर्षं उडून जातात, शेवटी शेवटी सहाच महिने सरतात, या प्रकाराला काही शब्द आहे का?

आधी हात जोडून विनंती: 'आता तुमचे वळण' असं लिहू नका. यंत्राकडून करून घेतलेल्या भाषांतरांत हे हल्ली सर्रास दिसतं. वळण रस्त्याला असतं, अक्षराला असतं, मुलांना लावायचं असतं. ते कोणावर येत नाही. येते ती पाळी. या शब्दाला लाजणाऱ्यांनी रात्रपाळी करणाऱ्यांना विचारावं. तशीच 'कालावधी'ची खोड. 'शिवाजी महाराजांच्या कालावधीत' हे ऐकलं की कानात खडा जातो. अवधी म्हणजे मुदत. ती अर्ज भरायला असते. महाराजांचा काळ असतो.

आता युग. युज् म्हणजे जोडणे, त्यावरून युग, आणि बैलांच्या मानेवरचं जू हे त्याचंच झिजलेलं रूप. हे कोणत्याही कोशात सापडेल, सोडून देऊ. खरी मजा चार युगांच्या नावांत आहे. कृत, त्रेता, द्वापर, कलि ही मुळात जुगारातल्या दानांची नावं आहेत! फासे म्हणजे बेहड्याची फळं, त्रिफळा चूर्णात पडतो तोच बेहडा. मूठभर फळं उचलायची आणि चाराचाराने मोजायची. काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर, एकच उरला तर कलि, म्हणजे बुडालात.

प्रवचनकारांना हे रुचत नाही. ते धर्माचा बैल आणतात: कृतयुगात चार पायांवर उभा, मग तीन, दोन, एक. ठीक आहे, त्रेता आणि द्वापर त्यात बसले. पण 'कृत' या शब्दात चार कुठे आहेत आणि 'कलि'त एक कुठे? बैलाला याचं उत्तर देता येत नाही, फाशाला देता येतं. कृत म्हणजे साधलेलं, जमलेलं दान. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर छांदोग्य उपनिषदात रैक्वाच्या गोष्टीवरचं शंकराचार्यांचं भाष्य उघडा. कृत हे द्यूतातलं चार अंकांचं दान, असं आचार्य स्वच्छ सांगतात. महाभारतातल्या नलाच्या गोष्टीतही कलि नलाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत. आणि शेवटी बाहेर पडलेला कलि लपतो कुठे, तर बेहड्याच्या झाडात. त्या झाडाचं एक नावच कलिद्रुम. एवढं सगळं समोर असताना बैलाची शेपटी धरून बसणाऱ्यांपुढे काय बोलायचं!

यावरून माझं एक लाडकं मत आहे. युगं दानांच्या मापाने लहान होत जातात: १७,२८,००० वर्षं, १२,९६,०००, ८,६४,०००, ४,३२,०००. सरळ ४:३:२:१. आता 'सिव्हिलायझेशन'ची पाचवी आवृत्ती (२०१०) घ्या. नेहमीच्या गतीला खेळ इ.स.पू. ४००० ते इ.स. २०५०, पाळ्या ५००. पहिल्या ७५ पाळ्या चाळीस-चाळीस वर्षांच्या, म्हणजे तुमच्या गदाधारी शिपायाला दोन घरं सरकायला चाळीस वर्षं लागतात! मग माप २५, २०, १०, ५, २, १ असं उतरत जातं आणि शेवटच्या ६० पाळ्या सहा-सहा महिन्यांच्या. कारण उघड आहे, प्रत्येक वर्षाला एक पाळी दिली असती तर सहा हजारांवर पाळ्या झाल्या असत्या आणि पहिल्या दोन-तीन हजारांत शेतीशिवाय काही घडलं नसतं. पण हिशेब बघा: पुढे जावं तसं माप लहान. या प्रकाराला मी 'काळाची उतरंड' म्हणतो. खाली मोठा रांजण, वर लहान मडकं. वेदांग ज्योतिषातलं युग तर पाच वर्षांचंच आहे, म्हणजे १५०० ते १८०० या काळातली या खेळातली प्रत्येक पाळी नेमकं एक युग!

म्हणूनच 'टर्न'ला 'दान' म्हणावं असं मला फार वाटतं. फासे नसलेल्या खेळात दान कसलं, असा आक्षेप येतो. येऊ दे. सोंगट्या घरोघर होत्या तेव्हा 'तुझं दान' म्हटलं की सगळं कळत होतं. ज्यांना पटत नाही त्यांनी पाळी म्हणावं. 'डाव' मात्र नको. डाव अख्खा खेळ असतो, तो मांडतात आणि मोडतात. 'खेळी' क्रिकेटवाल्यांनी पळवली आहे.

हां, युग की कालखंड. अवजारावरून किंवा धातूवरून नाव असेल तिथे युग: अश्मयुग, लोहयुग, अणुयुग. बाकी कालखंड. आपल्याकडे दख्खनेत निव्वळ कांस्ययुग म्हणावं असं काही नाही, जोर्वे-इनामगावची वस्ती ताम्रपाषाणयुगातली. खेळातलं कांस्य आपल्या इतिहासावर चिकटवू नका. आणि 'फेरी' तेव्हाच म्हणा जेव्हा सगळ्या खेळाडूंची एकेक पाळी होऊन जाते.