हॅवलॉकला सहकुटुंब स्कूबा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे अजूनही सगळ्यांच्या तोंडी असलेलं हॅवलॉक. तिथे घरच्यांना घेऊन स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली डाइव्ह, करायला निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. प्रवाळ आणि मासे यांबद्दल कुणी फारसं विचारलेलं नाही. प्रश्न आहेत ते कानांचे, चष्म्याचे, विमानाच्या वेळेचे आणि सासूबाईंच्या बीपीचे. बरंच झालं. सहलीचा विचका पाण्यात कमी होतो, घरी बसून बुकिंग करतानाच जास्त होतो.

आम्ही पाच जण जानेवारीत जातोय. आम्ही दोघं चाळिशीतले, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची आणि सासूबाई ६६ वर्षांच्या. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, मुलाला लहानपणी बाळदमा होता. सगळ्यांना एकत्र डाइव्ह करता येईल का? (नाशिक)

सगळ्यांना एकत्र नाही. आधी मुलीचं पाहू. समुद्रातल्या स्कूबासाठी ‘पाडी’ (PADI) या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘बबलमेकर’ नावाचा प्रकार असतो, पण तो दोन मीटरपेक्षा कमी खोल पाण्यात, शक्यतो पोहण्याच्या तलावात. किनाऱ्यावर कुणी “चालतं हो, सगळे करतात” म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा. तिच्यासाठी एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग उत्तम. लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात ठेवून स्नॉर्केल नावाच्या नळीने श्वास घेत प्रवाळ दिसतं आणि हवं तेव्हा डोकं वर काढता येतं. डोळे-नाक झाकणारा मास्क मात्र लहान मुलांच्या मापाचा घरूनच घेऊन जा. तिथे भाड्याने मिळणारे बहुतेक मोठ्यांच्या मापाचे असतात आणि छोट्या चेहऱ्यावर गळतात.

सासूबाई आणि मुलगा यांचा निर्णय आरोग्याच्या फॉर्मवर होईल. डाइव्हच्या आधी प्रत्येकाला एक प्रश्नावली भरावी लागते: दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, नियमित औषधं वगैरे. काही उत्तरं ‘हो’ आली की डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. बीपीची रोजची गोळी म्हणजे ‘हो’च. हा फॉर्म ‘पाडी’च्या संकेतस्थळावर मिळतो. तो घरीच छापून आपल्या डॉक्टरांकडे न्या. पुढच्या पानावर डॉक्टरांसाठीच्या सूचना असतात, त्याही सोबत द्या. साठीपुढच्या व्यक्तीसाठी ते ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगतील, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. हॅवलॉकला पोचल्यावर सकाळी सहा वाजता डॉक्टर शोधत फिरायची वेळ नेमकी याच कागदामुळे येते.

मुलाचा बाळदमा पूर्ण गेला असेल, तरी छातीच्या डॉक्टरांना दाखवून फुप्फुसांची तपासणी करून घ्या. कारण साधं आहे. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे श्वासात घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट जागा मागते. आवळलेल्या श्वासनलिकेमागे ती अडकली, तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून फॉर्मवर खोटं ‘नाही’ लिहिणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट सल्ला, मग तो कुणीही देवो.

सासूबाईंना परवानगी नाही मिळाली तर काचेच्या तळाची बोट आहे. ‘सी वॉक’ हा सोपा पर्याय समजू नका. डोक्यावर हेल्मेट असलं तरी खाली पाच-सहा मीटरवर दाब तोच, कानही तेच.

तारकर्लीला डाइव्ह केली तेव्हा दोन-तीन मीटरवरच कान इतका दुखला की वर यावं लागलं. अंदमानला तर आणखी खोल नेतात म्हणे. काय करावं? (कोल्हापूर)

खोलीला घाबरू नका, तुमचा त्रास पहिल्या काही मीटरचाच आहे. दाबातला बदल टक्क्यांत पाहिला तर पृष्ठभागाजवळच सर्वांत जास्त असतो. शून्यापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पण १० पासून २० पर्यंत जाताना तो फक्त दीडपट होतो. कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी असते. ती घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. बाहेरचा दाब वाढला की त्या नळीतून आत हवा पोचवावी लागते. ती पोचली नाही तर पडदा आत ओढला जातो आणि दुखतं.

कृती अशी: नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवून हलकेच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करा. कानात बारीक ‘टक्’ असा आवाज झाला की जमलं. हे डोकं पाण्याखाली जायच्या आधी एकदा आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला करायचं. दुखायची वाट पाहायची नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. दुखायला लागलं म्हणजे नळीचं तोंड दाबाने मिटलं, आता कितीही जोर लावला तरी ते उघडत नाही. अशा वेळी एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा, जमलं तर हळू खाली. जोरात फुंकणं धोक्याचं, त्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरणं डोकं खाली करून उतरण्यापेक्षा सोपं जातं. निघण्याआधी आठवडाभर घरी रोज हा सराव करा, पण हलक्या जोराने.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरू नका. पाण्याखाली त्याचा असर संपला तर वर येताना हवा आत अडकते, आणि तेव्हा खालीही राहता येत नाही, वरही येता येत नाही. पैसे गेले म्हणून मुलांना सर्दीत पाण्यात ढकलणारे पालक असतात. तसं करू नका.

कान दुखत असल्याची खूण आधीच ठरवून घ्या: तळहात डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग कानाकडे बोट. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारची फेरीबोट आणि संध्याकाळचं विमान असं टूरवाल्याने बसवून दिलंय. ठीक आहे ना? (डोंबिवली)

अजिबात नाही. दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि ऊतींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण २,००० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका. तिथे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. पूर्ण २४ ठेवले तर हिशेबच नको.

पाच रात्रींचा आराखडा असा करा. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने हॅवलॉक. प्रवास दीड ते अडीच तासांचा, बोट कुठली त्यावर अवलंबून. तिसऱ्या दिवशी डाइव्ह. चौथा दिवस मोकळा ठेवा: वारा सुटला किंवा कुणाचा कान बसला तर डाइव्ह इथे सरकवता येते, नाहीतर राधानगर बीच आहेच. पाचव्या दिवशी परत, रात्र पोर्ट ब्लेअरला, सहाव्या दिवशी विमान. खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या रद्द होतात, तेव्हा विमानाच्याच दिवशी हॅवलॉकहून निघणं हा जुगार आहे. आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असावं.

मला अजिबात पोहता येत नाही. चालेल का? (सोलापूर)

सुरुवातीच्या एका डाइव्हसाठी चालेल. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. ‘ओपन वॉटर’ हा तीन-चार दिवसांचा प्रमाणपत्राचा कोर्स करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेळेची अट नाही, रमतगमत पोहलात तरी चालतं. वर्षभर आधी गावातल्या तलावावर नाव घाला. पोहता न येण्यापेक्षा मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरणं हाच नवख्यांचा मोठा अडथळा असतो, त्यामुळे घरी बादलीत तोंड बुडवून फक्त तोंडाने श्वास घ्यायची सवय स्नॉर्केलवर करून पाहा.

सिलिंडरमधला ऑक्सिजन किती वेळ पुरतो? मध्येच संपला तर? (पुणे)

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तुमच्या-आमच्या भोवतीचीच हवा गाळून दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

हिशेब सोपा आहे. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरचं आकारमान सुमारे ११ लिटर आणि दाब २०० बार (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरच्या हवेचा दाब), म्हणजे २,२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव, उरले १,६५० लिटर. नवखा, थोडा घाबरलेला माणूस मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तेच ५० लिटर. म्हणजे अर्धा तास, वर दोन-तीन मिनिटं. शांत श्वास घेणाऱ्याला याच्या दीडपट वेळ सहज मिळतो. प्रशिक्षक तुमचं हवेचं मीटर सतत पाहत असतो. त्याच्याकडे एक जादाचं, बहुतेक वेळा पिवळ्या नळीचं तोंडात धरायचं रेग्युलेटर असतं, ते तुमच्यासाठीच.

पाठ करायचा नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही.

चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे. शिवाय मिशा आहेत. (सांगली)

नंबरचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. पण सगळ्या सेंटरवर सगळे नंबर नसतात, म्हणून बुकिंग करतानाच कळवा. एखादा नंबर कमी असला तरी भागतं, कारण पाण्याखाली वस्तू एरवीपेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्क काढायच्या सरावात डोळे मिटून ठेवायचे एवढंच. मिशीसाठी नाकाखालची एक बारीक पट्टी कापली की मास्कची कड कातडीला टेकते. मिशी ठेवायचीच असेल तर थोडं थोडं पाणी आत येणार, ते नाकाने फुंकून काढायला शिकावं लागेल. बायकांच्या बाबतीत मास्कमध्ये पाणी घ्यायचं हेच काम कपाळावरची बट करते. मंगळसूत्र, झुमके, अंगठ्या खोलीत काढून ठेवा.

मासिक पाळीत डाइव्ह करता येते का? शार्क येतात असं ऐकलं. (रत्नागिरी)

करता येते. शार्कची गोष्ट निराधार आहे. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरा आणि पोटात फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. गर्भारपणात मात्र स्कूबा पूर्ण वर्ज्य, स्नॉर्केलिंग आपल्या डॉक्टरांना विचारून.

मुलांच्या शाळेमुळे दिवाळी किंवा मे, दोनच सुट्ट्या मिळतात. कोणती बरी? (ठाणे)

मेचा पहिला पंधरवडा. मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो, त्याआधी समुद्र बहुधा शांत आणि पाणी स्वच्छ असतं. दिवाळीच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम असतो, त्यामुळे फेऱ्या आणि विमानं रद्द होण्याची धास्ती राहते.

तारखा ठरवताना पंचांगही उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, प्रवाह जोरदार असतात आणि ओहोटीला पूर्वेकडचे बीच क्रमांक ३ आणि ५ इतके उघडे पडतात की पोहायला गुडघाभरही पाणी मिळत नाही. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या भरतीत, नवख्यांना सोपं जातं. आणखी एक: अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. पहाटे पाचला उजाडतं, संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारतं. डाइव्ह सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात, म्हणून मुलांना लवकर झोपवा. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून ठरवावी, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते. नाश्ता केळं किंवा इडली एवढाच, मिसळ परत आल्यावर.

पैसे भरण्याआधी सेंटरला काय विचारावं? (छत्रपती संभाजीनगर)

एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील? नवख्यांसाठी, आणि मुलांसाठी तर नक्कीच, एकास एक हवं. उथळ पाण्यात सराव किती वेळ? पाच मिनिटांत ‘चला खाली’ म्हणणारं सेंटर टाळा, अर्धा तास तरी हवा. बोटीवर प्राणवायूचा आपत्कालीन संच आहे का? मुलांच्या मापाचं बीसीडी जॅकेट (हवा भरून तरंगायचं) आणि वेटसूट (ऊब टिकवणारा पोशाख) आहे का? पाणी २८ अंश असलं तरी ते हवेपेक्षा कित्येक पटीने वेगाने ऊब ओढून घेतं, आणि बारीक अंगाची मुलं वीस मिनिटांत कुडकुडायला लागतात. हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरा दिवस? फोटो धरून दर आहे का? आणि ‘खोली किती’ यावर “तुम्हाला हवी तेवढी” असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या. आपल्या प्रवासविम्याची अटही वाचा, बऱ्याच पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं.

किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळ आणि शिंपले आणले तर चालतं ना? मुलीला प्रोजेक्टसाठी हवेत. (सातारा)

प्रवाळ मेलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, आणि काही जातींच्या शिंपल्यांनाही. विमानतळावर बॅगा याच्यासाठी तपासल्या जातात. जप्ती होते, गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. प्रोजेक्टसाठी फोटो काढा, पण मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डाइव्हला नेऊ नका. त्या पिशव्या वरवरच्या पाण्यासाठी असतात, १० मीटरच्या दाबाला त्यांची शिवण टिकत नाही.