‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून हातची जाणारी वस्तू

‘घरातली महागाची वस्तू अनोळखी माणसाला विकायची आहे, पैशात फसगत तर होणार नाही ना?’ ही चिंता घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे इतके भेटतात, की त्यांचं पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: ‘आणि फार तपासत बसलं तर समोरचा काय म्हणेल?’ माझ्या मते खरी अडचण या दुसऱ्या वाक्यात असते.

एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यजमानांच्या मागे राहिलेल्या दोन किल्लीच्या मनगटी घड्याळांपैकी एक त्यांनी विकलं, आणि पैसे आलेच नाहीत. दुसरं विकायचं होतं, पण जाहिरात द्यायला हात धजत नव्हता.

“त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. हिरवी खूण, माझं नाव, पूर्ण रक्कम. पाठोपाठ मला बँकेचा मेसेजही आला.”

“खातं उघडून पाहिलंत?”

“पाहणारच होते. पण तो दारात उभा होता. त्याच्या देखत तपासायचं म्हणजे… त्याला वाईट वाटलं असतं.”

तो मेसेज त्यांनी जपून ठेवला होता. बँकेच्या जुन्या, खऱ्या मेसेजच्या खालीच, त्याच नावाने आलेला. मेसेज पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालता येतं आणि फोन तो त्याच नावाच्या रांगेत आपोआप बसवतो. वरच्या प्रत्येक मेसेजमध्ये खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे होते, एवढ्या एका मेसेजमध्ये नव्हते. अर्थात आकडे असते तरी भरवसा नकोच. पैसे घेण्यासाठी खाते क्रमांक आपणच दिलेला असतो.

‘पेमेंट यशस्वी’ असा पडदा दाखवणारी नकली अॅप मिळतात. त्यात नाव, रक्कम, वेळ हवी ती भरता येते. म्हणून समोरच्याच्या फोनवर काय दिसतं याला काडीचीही किंमत देऊ नये. आपल्या फोनवर, आलेल्या लिंकवरून नव्हे तर स्वतः अॅप उघडून, खात्यातली नोंद पाहायची. तीही नुसती शिल्लक नाही, तर काढता येण्याजोगी शिल्लक. ‘पैसे अडकून आहेत, कुरियरचा क्रमांक टाकला की सुटतील’ अशी ईमेल आली, तर ती रक्कम आपल्या खात्यात शिरून पाहिल्यावर तिथेही तशीच दिसते का, ते बघायचं. दिसली नाही तर ईमेल खोटी. आणि पैसे घेताना पिन किंवा ओटीपी लागत नाही. तो मागितला, की आपल्या खात्यातून पैसे निघायच्या बेतात आहेत असंच समजायचं.

चेकने फसलेले लोकही माझ्याकडे येतात, आणि त्यांना सर्वांत जास्त धक्का बसलेला असतो, कारण त्यांनी खातं पाहिलेलं असतं. चेक भरल्यावर काही बँका तो वटण्याआधीच रक्कम जमा दाखवतात. चेक परत आला की तीच रक्कम वजा होते, आणि तोवर वस्तू गेलेली असते. बँकेचा ड्राफ्टही नकली असू शकतो. ज्या बँकेने तो काढला तिच्याच काउंटरवर, आपल्यासमोर काढला जात असेल तरच तो खरा धरावा. कार्डाने दिलेल्या पैशांवर ग्राहक नंतर तक्रार करून ते मागे घेऊ शकतो. व्हिसाच्या बहुतेक प्रकारांत त्याला 120 दिवसांची मुदत असते, पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर 180 दिवसांची. हातोहात दिलेल्या वस्तूची पोहोच दाखवणारा कागद आपल्याकडे नसतो, मग दाद कशाच्या जोरावर मागणार? महागाची वस्तू हातोहात देताना थेट बँक खात्यात आलेले पैसे किंवा बँकेत मोजून भरलेली रोकड, एवढंच घ्यावं.

हे सगळं बाईंनी वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी ते न चुकता म्हणून दाखवलं, आणि जाहिरात मात्र तशीच राहिली. माहिती त्यांना कमी नव्हतीच. पहिल्या घड्याळाच्या वेळीही खातं उघडायचं असतं हे त्यांना माहीत होतं. घटना आपल्याला अडवत नाही, त्या घटनेबद्दल मनात घट्ट धरलेलं वाक्य अडवतं, असं मी मानते. ते वाक्य अजून जागचं हललं नव्हतं.

मी म्हटलं, “दुसरं घड्याळ आणा. मी गिऱ्हाईक. पैसे पाठवले असं मी सांगणार. तुम्ही खातं तपासेपर्यंत तीन मिनिटं काहीच बोलायचं नाही.”

घड्याळ टेबलावर होतं. मी पायाची चुळबुळ केली, सुस्कारा टाकला, “विश्वास नाही का तुमचा?” असंही विचारलं. दीड मिनिटातच त्यांचा हात घड्याळ माझ्याकडे सरकवायला निघाला. मग तो हात त्यांनी स्वतःच मागे घेतला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

“मॅडम, घड्याळ गेल्याचं दुःख आहे, पण भीती त्याची नाही. कुणी मला संशयी म्हणेल याची आहे.”

“आणि म्हटलं तर?”

“आवडणार नाही.” थोडं थांबून, “पण सोसेन.”

या ‘सोसेन’ची मी तीन भेटी वाट पाहत होते. कुणीच आपल्याला वाईट म्हणता कामा नये, हा हट्ट त्या एका शब्दात सुटला. ठग आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या भिडेवर जास्त विसंबून असतात. घाई, दारातलं उभं राहणं, बँक बंद असतानाची वेळ, ऐनवेळी ‘मी नाही, माझा भाऊ न्यायला येतोय’, हे सगळं त्या भिडेला दाबण्यासाठीच असतं.

म्हणून मी सांगते, अट आयत्या वेळी सुचवू नका, पहिल्याच फोनवर सांगा. बाईंचं वाक्य आम्ही असं बसवलं: ‘भेट बँकेच्या शाखेत, कामाच्या वेळेत. पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून. माझ्या खात्यात दिसले की वस्तू तुमची.’ नावाची अट महत्त्वाची, कारण दुसऱ्याच्या लुबाडलेल्या खात्यातून पैसे आले तर पुढे आपलंच खातं गोठू शकतं. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ असं कुणी म्हणालं तर आपण होऊन काही पाठवायचं नाही. व्यवहार थांबवायचा आणि बँकेलाच ते पैसे उलटवायला सांगायचं. वस्तू पोहोचेपर्यंत पैसे सांभाळून ठेवणारं मध्यस्थ संकेतस्थळ गिऱ्हाइकाने सुचवलं तर नको, ते आपण निवडायचं आणि पत्ता स्वतः टाइप करायचा. पावतीच्या दोन प्रती, त्यात वस्तूचा क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो आधीच काढून ठेवायचा, म्हणजे ‘तुम्ही दुसरंच दिलंत’ म्हणायला जागा राहत नाही.

फसगत आधीच झाली असेल तर त्याच तासाला बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार. संभाषण पुसू नये. आणि ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नये. बाईंना असा फोन दोनदा आला होता, एकदा तर त्या भरायच्याच बेतात होत्या.

पुढच्या भेटीला त्या आल्या तेव्हा घड्याळ पिशवीत होतं. गिऱ्हाईक शाखेत आला, फोन दाखवला, म्हणाला, गाडी चुकेल. बाई म्हणाल्या, “खात्यात दिसेपर्यंत बसू.”

“मग?”

“चार मिनिटांनी उठून गेला. मी बसून राहिले. परवा दुसरे एक गृहस्थ येणार आहेत, त्यांनी शाखेची वेळ स्वतःच विचारली.”