'नास्तिक असूनही नीतिमान' : यातल्या 'असूनही'बद्दल

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांचे काका, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, शाळामास्तर होते. देव मानत नव्हते. घरात देव्हारा नव्हता, आणि गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं. पहिल्या स्मृतिदिनाला घरची मंडळी एक छोटी स्मरणिका काढताहेत. तिच्यासाठी आत्यांनी लिहून दिलेल्या मजकुरात एक वाक्य आहे: 'नास्तिक असूनही अण्णा अत्यंत नीतिमान होते.' ताईंना ते टोचलं. आत्या म्हणाल्या, 'अगं, कौतुकच केलंय की त्याचं! धर्म नाही तरी नीती होती, ही केवढी गोष्ट!' ताई विचारतात, या वाक्यात चूक व्याकरणाची आहे की अर्थाची? आणि 'नीती' हा शब्द मुळात 'धर्मा'तूनच निघालाय का?

व्याकरण बिनचूक आहे. टोचतंय ते 'असूनही'तलं 'ही'. 'पाऊस पडूनही विहीर कोरडी' असं आपण म्हणतो, तेव्हा पावसानं विहिरी भरतात हे वेगळं सांगत नाही. ते 'ही'च्या पोटात मुकाट्यानं बसलेलं असतं. तसंच इथे आहे. 'नास्तिक माणूस एरवी नीतिमान नसतो' हे आत्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. ते त्यांच्या 'असूनही'नं परस्पर सांगून टाकलंय. उघड केलेलं विधान खोडता येतं, पण अव्ययाच्या आडून आलेलं विधान वाचणारा खळखळ न करता गिळतो. ताईंना ते गिळता आलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

आता शब्दांकडे. 'धर्म' हा 'धृ' धातूपासून, म्हणजे धारण करणं, धरून ठेवणं. महाभारतात 'धारणाद्धर्ममित्याहुः' अशी व्युत्पत्तीच दिलेली आहे. 'नीती' हा 'नी' धातूपासून, म्हणजे नेणं. नेता, नायक, नयन, विनय ही सगळी त्याच घरातली माणसं. तेव्हा दोन्ही शब्दांची कुळं वेगळी आहेत, एक दुसऱ्याच्या पोटातून आलेला नाही. जुन्या संस्कृतात 'नीती'चा मुख्य अर्थ जगात वागण्याची रीत, त्यातही राज्यकारभाराचं शहाणपण असा होता. राजनीती, कूटनीती, रणनीती यांत तो अजून टिकून आहे. आज आपण 'नीतिमत्ता' म्हणतो तो सदाचाराचा अर्थ मराठीत ठळक झाला तो बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या शाळा आणि पाठ्यपुस्तकांमुळे. इसापच्या गोष्टींना मराठीनं 'इसापनीती' म्हटलं हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटतं. कोल्हा, करकोचा, सिंह आणि उंदीर यांच्या तोंडून शिकलेली ती नीती. तिच्यासाठी कुणाला कुठल्या धर्माचा दाखला लागला नाही.

खरा गुंता 'धर्मा'चा आहे. बोलण्यातला धर्म ऐकून बघा. 'शेजारधर्म पाळला' म्हणजे वेळेला धावून गेले. 'काही धर्म कर' म्हणजे दान दे. पाण्याचा गुणधर्म असतो, राजाचा राजधर्म असतो, वाटसरूसाठी धर्मशाळा असते. यांतल्या कशातही पूजा नाही. पूजाअर्चा, उपासतापास म्हणायचं असेल तेव्हा मराठी माणूस आपसूक वेगळा शब्द काढतो: 'देवधर्म'. 'त्यांच्याकडे देवधर्म फार' असं म्हटलं की त्या घरात सणवार, सोवळंओवळं आहे एवढंच कळतं. ती माणसं व्यवहाराला कशी आहेत, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि तसं कळावं अशी ऐकणाऱ्याची अपेक्षाही नसते.

पण शाळेच्या दाखल्यावर 'धर्म' असा रकाना असतो. त्यात शेजारधर्म भरत नाहीत. हा समुदायाचा, श्रद्धेचा अर्थ मराठीत आधी अजिबात नव्हता असं नाही, तरी 1872 पासूनच्या खानेसुमाऱ्या, दाखले आणि कज्जे यांनी तो इतका पक्का केला की आज 'धर्म' म्हटलं की आधी तोच आठवतो. राज्यघटनेच्या उद्देशिकेचं बघा. 1976 च्या दुरुस्तीनं आलेल्या शब्दासाठी मराठी अनुवादात 'धर्मनिरपेक्ष' आहे आणि हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. हिंदीनं 'धर्म' हा शब्द तिथून मुद्दाम बाजूला ठेवला.

आत्यांचं म्हणणं या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे. त्यामागे दडलेलं वाक्य असं: 'धर्म नाही त्याला नीती कुठली'. यातला धर्म जर सदाचार असेल, तर वाक्य खरं आहे पण ते काहीच सांगत नाही. सदाचार नाही त्याला सदाचार कुठला, एवढंच. आणि तो धर्म दाखल्यावरचा असेल, तर ते वाक्य एक मोठा दावा करतंय आणि त्याला पुरावा द्यायला हवा. लोक बोलायला सुरुवात करतात दुसऱ्या अर्थानं आणि शेवटी टेकतात पहिल्या अर्थावर.

अडचण आजची नाही. सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याजवळ, अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडलेले आहेत. नवव्या लेखात राजा म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे धम्ममंगल ('धम्म' हे 'धर्मा'चंच प्राकृत रूप): दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. सुमारे पावणेतेवीसशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर कोरलेला हा लेख विधी आणि वागणूक यांची फारकत करून सांगतो. याच राजाच्या धम्माचं ग्रीक भाषांतर कंदाहारच्या द्वैभाषिक लेखात आहे. तो 1958 साली सापडला. तिथे धम्मासाठी 'युसेबिया' हा शब्द वापरलाय. त्याचा अर्थ देवांविषयीचा, वडीलधाऱ्यांविषयीचा पूज्यभाव. भाषांतरकाराला धम्म आपल्या भाषेत आणताना देवांच्या जवळचा शब्द घ्यावा लागला. मला त्याची अडचण अगदी समजते.

'नास्तिक' शब्दाकडेही बघायला हवं. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं ज्याचं मत तो नास्तिक. काय आहे नि काय नाही? काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, सांगते, परलोक. मनुस्मृती म्हणते, नास्तिक म्हणजे वेदनिंदक. देव दोन्हीकडे नाही. मनूचा अर्थ घेतला तर जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात, आणि अहिंसेचा सगळ्यांत कडक नियम पाळणारी माणसं तर त्यांच्यातच सापडतील. उलट मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून आस्तिक. या जुन्या अर्थानं 'नास्तिक असूनही नीतिमान' हे वाक्य उभंच राहत नाही.

काशिकेतला परलोक मात्र आत्यांच्या बाजूनं बोलतो, आणि ती बाजू मला झटकून टाकायची नाही. आपल्या भाषेत 'देव बघतोय', 'वर गेल्यावर काय सांगशील', 'देवाला भिऊन वाग' ही वाक्यं आहेत आणि ती मनापासून म्हटली जातात. अंधारात, कुणी पाहत नसताना माणूस का सरळ वागेल, या खऱ्या प्रश्नाचं ते एक उत्तर आहे. अशोकसुद्धा धम्ममंगलाचं फळ परलोकात मिळतं असं म्हणतो. भीतीनं किंवा आशेनं पुष्कळांचे हात आवरले आहेत, हे मी नाकारणार नाही. पण त्या वाक्यांत देव काय करतो? बघतो. खोटं बोलणं वाईट आहे, हे त्याच्या बघण्याआधीच ठरलेलं असतं. 'देव बघतोय' ऐकून पोर ओशाळतं, कारण आपण काय केलं ते त्याला आधीच ठाऊक असतं.

तुकोबांचा एक अभंग या दृष्टीनं पुन्हा वाचावा. 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा । आणिक नाही जोडा दुजा यासी', आणि लगेच 'सत्य तोचि धर्म असत्य तें कर्म'. पाप, पुण्य, धर्म या तिन्ही शब्दांची व्याख्या इथे झाली आणि तिच्यात देवाचं नाव आलं नाही. दुसऱ्याला होणारी पीडा आणि उपकार, एवढ्यावर ती उभी आहे. विठ्ठलाशिवाय ज्यांचा श्वास चालत नव्हता, ते तुकोबा हे सांगताहेत. नामाचं स्मरण पुढच्या चरणात येतं, पण ते 'गती'च्या संदर्भात. नीती एकीकडे, गती दुसरीकडे, आणि तुकोबांना दोन्ही हव्यात. त्यातली पहिली दुसरीवर टेकवलेली नाही, हे त्या अभंगाची रचनाच दाखवते.

त्याहून थेट पुरावा महाडचा. 25 डिसेंबर 1927 ला तिथे मनुस्मृती जाळली गेली. याच ग्रंथात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हा चारी वर्णांना सारखाच धर्म म्हणून सांगितलाय, आणि जन्मावरून माणसामाणसांत भेद करणारे नियमही 'धर्म' म्हणूनच सांगितलेत. एकच शब्द दोन्हींवर चिकटवलेला. जे त्या दिवशी महाडला जमले होते त्यांनी 'धर्म' म्हणवणाऱ्या गोष्टीला न्यायाचं माप लावलं आणि ती नाकारली. ते माप जर त्याच धर्मातून मिळालेलं असतं, तर त्याच धर्माला ते लावता आलं असतं का? बाबासाहेबांनी पुढे पाली 'धम्म' शब्द आग्रहानं वापरला आणि त्यात देवाच्या जागी नीती आहे असं म्हटलं. दाखल्यावरच्या 'धर्मा'पासून तो वेगळा ओळखू यावा, ही त्या शब्दाच्या निवडीमागची निकड मला दिसते.

शब्द स्वतःसुद्धा धर्माच्या कुंपणाबाहेर जातात. 'इमान' अरबीत ईश्वरावरची श्रद्धा. मराठीत आल्यावर तो झाला सचोटी, निष्ठा. आपण 'इमानेइतबारे' नोकरी करतो, आणि कुत्र्यालाही इमानी म्हणतो. 'देवमाणूस' तर आपण कुणालाही म्हणतो, तो देवळात जातो का हे न विचारता. अण्णांना गावात कुणी देवमाणूस म्हटलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

आगरकरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. देवाबद्दल आणि परलोकाबद्दल त्यांचा संशय त्यांनी लपवला नाही. भरपूर पगाराची आशा सोडून पोटापुरत्यावर राहीन आणि बाकीचा वेळ परहितासाठी देईन, असं त्यांनी आईला पत्रानं कळवलं आणि तसंच केलं. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांना परलोकाच्या हिशेबात काही मिळवायचं नव्हतं. तिथे मी 'नास्तिक असूनही' लिहिणार नाही. 'नास्तिक होते, म्हणून नीतिमान होते' असंही लिहिणार नाही, कारण तो त्याच दाव्याचा उलटा भाऊ. दोन गोष्टी एका माणसात होत्या, एवढंच मला माहीत आहे आणि त्यासाठी मराठीत 'आणि' आहे.

ताई, आत्यांच्या वाक्यात त्यांचं भावावरचं प्रेम आहे, ते तसंच राहू दे. त्यांच्याशी बोलून 'असूनही' तेवढं काढा: 'अण्णा नास्तिक होते आणि सचोटीचे होते.' तुम्ही पत्रात सहलीची गोष्ट लिहिलीय. सातवीची सहल परत आल्यावर उरलेल्या पैशांचा हिशेब फळ्यावर मांडून त्यांनी प्रत्येक मुलाला सव्वा रुपया परत केला होता, आणि जो मुलगा त्या दिवशी आजारी होता त्याच्या घरी जाऊन दिला होता. ती गोष्ट आधी घ्या. 'नास्तिक' हा शब्द देहदानाचा उल्लेख येईल त्या परिच्छेदात जाऊ दे, तिथे तो त्यांनीच स्वतःसाठी वापरला होता.