वाचकांचे प्रश्न : कयाकवर गरवायचं सामान कुठे, कसं ठेवायचं?

प्रश्न : दहा फुटी सिट-ऑन-टॉप कयाक (वर उघड्यावर बसून वल्हवायची अरुंद होडी) घेतलीय, देवबागच्या बाजूला कर्लीच्या खाडीत गरवायला (गळाने मासे पकडायला) जातो. दोन रॉड, लूरचे (खोट्या आमिषांचे) तीन डबे, जाळं, पक्कड, पाणी, डबा एवढं सगळं घेतलं की पाय ठेवायला जागा नाही, आणि मासा लागला की नेमकी पक्कड मिळत नाही. तयार टॅकल बॉक्स मिळतो तो घ्यावा का? – एक वाचक, मालवण

उत्तर : बॉक्सची घाई करू नका दादा. आधी कयाक अंगणात ठेवून तिच्यात बसा आणि कंबर न उचलता, मागे न वळता हात कुठवर पोचतो ते बघा. मासा लागल्यावर जे हवं ते तेवढ्याच टप्प्यात ठेवायचं, बाकी सगळं मागे. खाडीत तांबोशी लागली की ती सरळ कांदळाच्या मुळांत घुसते, एक हात रॉडवरून काढताच येत नाही, मग पक्कड शोधणार कधी? म्हणून पक्कड लाइफ जॅकेटला किंवा सीटच्या बाजूला, स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या दोरीने बांधलेली, आणि रोज त्याच जागी. त्याच टप्प्यात लीडरची (गळाजवळ बांधायच्या मजबूत दोऱ्याची) रीळ, कात्री आणि लूरचा एकच छोटा डबा. तीन डबे नकोतच, त्या दिवशीच्या पाण्याला चालतील असे आठ-दहा लूर घरीच निवडून घ्या.

सीटच्या मागच्या खोलगट जागेत प्लास्टिकचं क्रेट बसवा, भाजीवाल्यांकडे असतं तसलं, पण आधी माप घ्या कारण मोठं क्रेट तिथे बसत नाही, आणि शक्यतो बुटकंच घ्या. क्रेटच्या मागच्या कडेला रॉडची मूठ आरामात जाईल अशा पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे केबल टायने वर-खाली दोन ठिकाणी आवळून बांधले की रॉड होल्डर तयार, थोडे बाहेर झुकवा म्हणजे कास्ट करताना (गळ लांब फेकताना) मागच्या रॉडला धक्का लागत नाही. तळ उघडाच ठेवा, पाणी साचायला नको. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, नुसत्या बंजी कॉर्डवर (हुकवाल्या रबरी दोरीवर) क्रेट सोडू नका, कयाक उलटली की हुक निसटतात आणि अख्खं क्रेट तळाला. बकलवाला पट्टा क्रेटच्या तळातून ओवून दोन्ही बाजूंच्या कड्यांत आवळा. ठेवलेल्या रॉडला आखूड दोरी असावी, हातातल्या रॉडला नको, ती कास्टमध्ये अडकते. पायाभोवती लांब, मोकळी दोरी तर अजिबात नको, कयाक उलटली तर माणूसच त्यात गुंततो, म्हणून लाइफ जॅकेटवर छोटी सुरी हवीच.

जाळं बारीक नायलॉनचं असेल तर लूरचे ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) त्यात असे रुततात की सोडवता सोडवता भरती जाते. रबराचा थर असलेलं घ्या आणि रॉडपासून लांब, क्रेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभं करा. कांदळवनातल्या अरुंद वाटेत शिरताना रॉड होल्डरमधून काढून पुढे आडवे ठेवायचे नाहीतर शेंडा फांदीत मोडतो. आणि खाडीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तिथेही आडवेच, रॉडच्या ग्राफाइटमधून वीज वाहते, हे कृपा करून हलक्यात घेऊ नका.

वजनाचं म्हणाल तर पाण्याची बाटली, बर्फ हे जड सामान खाली आणि मधोमध. सगळं मागेच भरलं की पुढचं टोक उचलतं, मग दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कयाकचं तोंड वाऱ्याबरोबर फिरत राहतं आणि वल्हवून हात भरून येतात. शिवाय एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा, रॉड होल्डर नाही, क्लिप नाही, काही नाही. पाण्यात पडलात तर तिथूनच वर चढायचंय. सगळं बांधून झालं की रॉड आणि लूर घरी ठेवून, छातीएवढ्या शांत पाण्यात, सोबतीला कुणीतरी घेऊन कयाक मुद्दाम उलटवून बघा. काय सुटतं आणि चढताना काय टोचतं ते तिथेच कळेल.

प्रश्न : नांगराची दोरी सीटजवळच्या कड्याला बांधली तर चालेल का, हाताशी राहते. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात ओढतं, दोरी बाजूला बांधलेली असेल तर कयाक प्रवाहाला आडवी होते आणि उलटते. ओढ पुढच्या नाहीतर मागच्या टोकावरच यायला हवी. त्यासाठी कयाकच्या बाजूने कप्पीवरून फिरणारी दोरी बसवतात, सीटवर बसूनच नांगर टोकाकडे सरकवता येतो. नांगराच्या दोरीला फ्लोट लावा आणि एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारा, ओढ वाढली तर दोरी सोडून द्यायची, फ्लोटमुळे नांगर नंतर उचलता येतो. उरलेली दोरी पिशवीत.

प्रश्न : मासा कुठे ठेवायचा? पायाशी ठेवला की उड्या मारतो. – एक वाचिका, पणजी

उत्तर : ताई, पायाशी नकोच, त्यात शेंगाळा असेल तर त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात, पक्कडीनेच सोडवायचा. बर्फ घातलेली जाड, चेनवाली इन्सुलेटेड बॅग सीटच्या लगेच मागे, क्रेटच्या पुढे बांधा. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत, आणि गोणपाट सुकू द्यायचं नाही. पण हे तास-दीड तासाचंच काम, कोकण-गोव्याच्या उन्हात त्याहून जास्त वेळ थांबणार असाल तर बर्फ न्याच.