नेदरलँड्समध्ये नगररचनेत पीएचडी: डच शिकावीच लागेल

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: नगररचना आणि पर्यावरण व्यवस्थापनात पीएचडीसाठी नेदरलँड्सला यायचं तर डच यावी लागते का, पगारात दोघांचं भागतं का, आणि विषय कसा निवडायचा. पगाराचं आधी सांगते, ते सोपं आहे.

इथे पीएचडी करणारे बहुतेक जण विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. साधारण चार वर्षांचा करार, सुरुवातीला महिन्याला कर कापण्याआधी 3000 युरोंच्या आसपास पगार, मे महिन्यात 8 टक्के सुट्टीभत्ता आणि वर्षअखेरीस आणखी 8.3 टक्के. शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांना यातलं बरंचसं मिळत नाही, पेन्शनही नाही, म्हणून जाहिरात नीट वाचा. संशोधकाच्या परवान्यावर आलात तर तुमच्या यजमानांना वेगळी परवानगी न काढता नोकरी करता येईल. भागतं. अवघड आहे ते घर मिळणं. भाड्याच्या घराच्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी होईल ना, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या, कारण बीएसएन क्रमांक (इथला नागरिक ओळख क्रमांक) आणि पुढचं सगळं त्या नोंदणीवर अडतं.

आता भाषा. विद्यापीठात सगळं इंग्रजीत चालतं, म्हणून आल्यावर पहिली दोन वर्षं मी डचकडे लक्ष दिलं नाही. माझ्या पीएचडीतली ती सगळ्यात मोठी चूक. आपल्या विषयात शहर हीच प्रयोगशाळा, आणि शहराचा कारभार डचमध्ये चालतो. 1 जानेवारी 2024 पासून इथे ओमखेव्हिंग्सवेट हा नवा कायदा लागू आहे. जमिनीचा वापर, बांधकाम, पाणी, निसर्ग यांवरचे 26 कायदे त्यात एकत्र आणले आहेत. प्रत्येक नगरपालिकेचं भविष्याचं धोरण, आराखडा, हरकती, उत्तरं, सगळं डचमध्ये असतं. 29 मे 2019 ला राड फान स्टाटने, म्हणजे प्रशासकीय खटल्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, नायट्रोजन प्रदूषणाबाबत जो निकाल दिला, त्याने देशभर गोठ्यांचे, रस्त्यांचे, घरबांधणीचे परवाने अडकले. तो निकाल मूळ डचमध्ये न वाचता इथल्या पर्यावरण नियोजनावर प्रबंध कसा लिहायचा?

दुसऱ्या वर्षी एका वस्तीतल्या संध्याकाळच्या सभेला गेले होते. पार्किंगच्या काही जागा काढून तिथे पाणी मुरवणारी हिरवळ करायची होती. भाषांतराचं अ‍ॅप घेऊन बसले आणि टिपलं: रहिवाशांना गाड्यांसाठी जागा हवी आहे. परतताना सहकाऱ्याने सांगितलं की अर्ध्या लोकांची तक्रार वेगळीच होती: आधी लावलेल्या झाडांची देखभाल कोणी केली नाही, आता पुन्हा विश्वास का ठेवायचा? माझा निष्कर्ष उलटाच झाला असता. त्यानंतर मी आठवड्यातले दोन दिवस वर्गाला जायला लागले. विद्यापीठ बऱ्याचदा वर्गाचा खर्च देतं, करार करतानाच मागा.

विषयाबद्दल. नद्यांना जागा देण्याच्या प्रकल्पावर लिहायचं तुमच्या मनात आहे असं दिसतंय. काम मोठंच आहे: 1995 च्या पुरात अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यानंतर 30 हून अधिक ठिकाणी नदीला रुंद केलं, नाइमेखेनजवळ तर पूर अडवणारा काठचा बांध 350 मीटर मागे नेला. पण त्यावर फार लिहून झालंय. मी असते तर दोन यंत्रणांमधली फट शोधली असती. पावसाचं पाणी आणि गटारं नगरपालिकेकडे. सांडपाण्याचं शुद्धीकरण आणि बहुतेक कालवे वॉटरस्खाप म्हणजे जलमंडळांकडे. अशी 21 मंडळं आहेत, त्यांचा स्वतःचा कर आहे, स्वतःच्या निवडणुका आहेत. रॉटरडॅमच्या बेंतेमप्लेनमध्ये 2013 साली झालेला पाणी साठवणारा चौक सुमारे 17 लाख लिटर पाऊस धरतो. अशा चौकाच्या दुरुस्तीचा खर्च कुणाच्या तिजोरीतून, गाळ कोण काढणार, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांत खरं संशोधन आहे. खौडासारखी (Gouda) पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, मऊ जमिनीवर खचत चाललेली शहरंही तशीच: पाण्याची पातळी उतरवली तर जमीन आणखी खचते, न उतरवली तर तळघरं ओली राहतात, आणि प्रत्येक घरमालकाचं हित वेगळं.

आकडेवारीची मात्र अजिबात चिंता करू नका. पीडीओके या सरकारी संकेतस्थळावर अर्ध्या मीटरच्या जाळीतले उंचीचे नकाशे, इमारतींची नोंद, हवी तितकी मोफत मिळते. तुमच्या जीआयएसच्या (संगणकावरच्या नकाशा-विश्लेषणाच्या) अनुभवाचा इथे फार उपयोग होईल. डेल्फ्टचं टीयू (तंत्रविद्यापीठ) आणि आयएचई (पाण्याच्या अभ्यासाची संस्था), रॉटरडॅमचं आयएचएस (शहरविकासाची संस्था) आणि एन्सखेडेचं आयटीसी (भू-माहितीची संस्था) इथल्या जागांवर लक्ष ठेवा. प्राध्यापकांना पहिलं पत्र लिहिताना आपली पदवी चार ओळींत आटोपा आणि त्यांच्या शहराचा कुठला आराखडा वाचलात, त्यात काय खटकलं, हे लिहा. भाषांतर करून वाचला असलात तरी चालेल, पण तसं स्पष्ट सांगा. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी वाचून देईन.